डावा पाय रिकामा

"काका, या गाडीवर तुम्ही स्वतः कधी बसलात तरी का?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि मग भोंग्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. ‘आम्ही आहोत ना गं!’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या तिघी मैत्रिणी रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाआड उभ्या होत्या. तीन दप्तरं, सहा वेण्या आणि खांब एक. लपल्या होत्या म्हणे! पैज त्यांनीच लावलेली. मिस्त्रीला हा प्रश्न तोंडावर विचारायचा, मग शाळा संपेपर्यंत वर्गातली खिडकीजवळची जागा भोंग्याची.

मिस्त्री हा त्या रस्त्यावरचा जुना विषय. तळमजल्यावरची लांबट खोली, अर्धंच उघडलेलं शटर, आत पिवळा दिवा, आणि ठेंगण्या लाकडी टेबलावर पाचरी ठोकून उभी केलेली एक मोटरसायकल. मुली पहिलीत होत्या तेव्हा टेबलावर नुसता सांगाडा होता. आता दहावीची परीक्षा तोंडावर आली, तरी गाडी टेबलावरच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! बरं, गाडी तरी एकसंध असावी? टाकी एका गाडीची, इंजिन दुसरीचं, चाक तिसरीचं. निव्वळ आवळ्याभोपळ्याची मोट. आणि मिस्त्री तिच्याशी बोलतो, हेही मुलींनी शटरखाली वाकून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

मिस्त्रीने पान्हा खाली ठेवला. तो ओरडणार हे धरूनच भोंग्याने एक पाय पळायच्या बेताने मागे घेतला.

"नाही," तो म्हणाला. बरेच दिवस तेल न घातलेली बिजागरी बोलावी, तसा आवाज. त्याने घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाला, "नाही बसलो."

"का?"

"हिला अजून स्टँड नाही. पाचरी काढल्या तर आडवी होईल. बसायचं तर कुणीतरी धरायला हवं."

एवढं सांगून तो पुन्हा कामाला लागला. ‘आज हवा गरम आहे’ म्हणावं, तितक्या सहज सांगितलं त्याने.

"विचारलंस? काय म्हणाला? शिव्या दिल्या का?" खांबाआडून तिघी एकदमच अंगावर आल्या.

ज्या भोंग्याला वर्गात गप्प करायला दोन शिक्षक लागत, ती नुसतं "सांगते नंतर" म्हणाली. नंतरही तिने सांगितलं नाही. धरायला कुणी नाही म्हणून माणूस बसला नाही, यात हसण्यासारखं काय आहे, ते तिला सापडेना.

भोंगा हे नाव शाळेतलं. घरी हाक एकच, ‘हळू’. दार लागलं, हळू. चमचा पडला, हळू. शिंक आली तर तीही हळू, आणि शिंक कुठे सांगून येते?

तिचे आईबाबा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होते. तिथली भट्टी कधीच विझत नाही, म्हणून माणसं पाळीपाळीने जातात. आई दिवसपाळीला, बाबा रातपाळीला, आणि दोघंही एकाच यंत्रावर. संध्याकाळी आई उठली की तिच्या गरम स्टुलावर बाबा बसायचे, सकाळी बाबा उठले की आई. आठवडाभर नवराबायकोची भेट ती एवढीच, त्या घरघरीत. बोलणं काय? "तिसरा साचा अडकतोय, लक्ष ठेवा."

ही सगळी व्यवस्था भोंग्यासाठीच केलेली. ती अगदी लहान असताना आई म्हणाली होती, पोर एकटी नको, कुणीतरी एक घरात हवंच. आणि कुणीतरी एक घरात असायचंच. झोपलेलं.

शाळेतून यावं तर बाबा झोपलेले. दिवस मावळून अभ्यासाला बसावं तर आई दोन घास खाऊन आडवी झालेली. कुकर शिट्टी मारतो म्हणून त्याला फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात टाकलेलं, बटाटे पातेल्यात उकडायचे. टीव्ही लागायचा, पण मुका. पडद्यावरच्या माणसांचं बोलणं भोंगा मनातल्या मनात रचायची. एकदा तर बातम्या देणारी बाई कागद बाजूला सारून तिला म्हणाली, "ते राहू दे गं, आज शाळेत काय झालं ते सांग." भोंग्याला खुदकन हसू फुटलं. आतल्या खोलीतून आवाज आला, "हळू."

कारखान्याचा मुकादम बाबांना दोनतीनदा विचारून गेला होता. शेजारच्या यंत्रावर जागा आहे, येता का दिवसपाळीला? बाबांचं उत्तर ठरलेलं, "पोरगी घरी एकटी पडेल."

आणि आता आत्याने नवीनच टूम काढली होती. तिचं घर दूरच्या शहरात. घरात दोन आत्येभाऊ, एक आत्येबहीण, एक भुंकणारा कुत्रा आणि आत्या स्वतः, जी एकटीच चौघांइतकी बोलते. "अकरावीला पोरीला माझ्याकडे पाठवा," आत्या म्हणाली. "तुमच्या घरात तिच्या तोंडाला बुरशी येईल. इथे बोलायला माणसं तरी मिळतील." आईला पटलं. बाबांनाही पटलं. भोंग्याला विचारलं तेव्हा बाबा कामावर निघालेले, एक बूट पायात, दुसरा हातात.

"जाशील ना?"

"चालेल," भोंगा म्हणाली.

घरात ती सगळ्यालाच चालेल म्हणायची. ‘नको’ म्हटलं की कारण सांगावं लागतं, कारण लांबलचक असतं, आणि घरात कुणीतरी झोपलेलं असतं. पण खरं सांगायचं तर चालणार नव्हतं. तिला माणसं नको होती. शाळा भरून माणसं होतीच की! तिला हीच दोन हवी होती. परीक्षा संपली, की त्याच्या पुढच्या रविवारी आत्या फोन करून पक्कं करणार होती. तोवर ‘चालेल’चं ‘नाही’ करायचं, आणि ते कसं करतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी दुपारी ती शटरसमोर पुन्हा उभी राहिली. या वेळी एकटी.

"मी धरते," ती म्हणाली.

मिस्त्रीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तू? ही तुला पोटाशी घेऊन झोपेल पोरी."

"मग मी बसते, तुम्ही धरा!"

तो टाकीकडे वळून पुटपुटला, "काय करायचं रे टपालवाल्या?"

"कोण टपालवाला?"

मिस्त्री ओशाळला. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा कान खाजवत सांगू लागला. टाकी टपालवाल्याच्या गाडीची. उजव्या अंगाला तो पोचा दिसतो ना, तिथे त्याची पिशवी घासायची. इंजिन दूधवाल्याचं. कॅन लादून लादून असं तयार झालेलं, की चढावर आवाजसुद्धा बदलत नाही. मागचं चाक, ब्रेकसकट, गाण्याच्या मास्तरांचं. "मास्तर इतके हळू चालवायचे, की ब्रेक लावायची वेळच आली नाही. कोरा आहे बघ." सगळे त्याच्याच गॅरेजची जुनी गिऱ्हाइकं. कुणी वारलं, कुणी लेकाकडे राहायला गेलं, कुणाची नजर गेली. गाड्या भंगारात निघायला लागल्या, तसा हा प्रत्येकीतलं सगळ्यात चांगलं तेवढं काढून आणू लागला. गॅरेज मिटलं, आणि ही सुरू झाली.

"म्हणजे तुम्ही यांच्याशी बोलता?"

"दुसरं कोण येतं?"

तिला टेबलावर चढवून मिस्त्रीने सांभाळून पाचरी ढिल्या केल्या आणि हँडल दोन्ही हातांनी गच्च धरलं. भोंगा बसली. बारा गावचं पाणी प्यालेली ती गाडी तिच्याखाली किंचित हलली, स्थिर झाली. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडरचा खिळा. तरी तिला उगाच वाटलं, आपण बरंच लांब आलो.

"पाय ठेव. उजव्या पायाशी पट्टी लागेल, ती गिअरची."

"लागली. आणि ही दुसरी कसली?"

"ती ब्रेकची."

"दोन्ही उजवीकडेच?"

मिस्त्रीने हँडलवरून मान पुढे काढली.

"मग डावा पाय काय करतो?" भोंग्याने डावा पाय हवेत झुलवला. "सुट्टीवर?"

मिस्त्रीने वाकून पाहिलं. सरळ होऊन पाहिलं. पुन्हा वाकला. मग त्याने पाचरी घट्ट केल्या, तिला उतरू दिलं आणि तेलाच्या उपड्या डब्यावर जाऊन बसला.

झालं होतं ते असं. दूधवाल्याची गाडी जुन्या पद्धतीची, तिच्यात गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. मास्तरांची नव्या पद्धतीची, म्हणजे बरोबर उलट. इंजिनाबरोबर गिअरची पट्टी आली ती उजवीकडे, चाकाबरोबर ब्रेकची पट्टी आली तीही उजवीकडे. आपापल्या घरी दोघंही बरोबर. इथे एका पायाला दोघांनी धरलं आणि दुसऱ्याला कुणी विचारलंच नाही. टेबल कायम भिंतीला लागून, मिस्त्री कायम उजव्या बाजूला उभा. पलीकडचं काही करायचं तर भिंतीवर टेकवलेल्या आरशात बघून, हात घालून चाचपत करायचं. एक माणूस एकदा जरी वर बसला असता, तरी हे पहिल्या दिवशी कळलं असतं.

"इतकी वर्षं..." मिस्त्री म्हणाला.

भोंग्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तिला तो झुलणारा डावा पाय आठवला, आणि हसू असं काही फुटलं की खोलीतले पत्र्याचे डबे वाजले. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि सवयीने वाट पाहिली.

कुणीच ‘हळू’ म्हणालं नाही.

मग तिने हात काढले आणि मनसोक्त हसली. जरा वेळाने डब्यावरून खोकल्यासारखा आवाज आला. मिस्त्रीही हसत होता. सवय गेलेली, त्यामुळे जमत नव्हतं नीट.

पहिलं काम केलं ते टेबल भिंतीपासून ओढायचं. मागे कोळ्यांनी संसार थाटले होते, आणि मिस्त्री कधीपासून शोधत असलेला चिमटा तिथेच आरामात पडला होता. डावी बाजू पहिल्यांदाच उजेडात आली. आता सांगाड्याखालून एक आडवा दांडा न्यायचा, डाव्या टोकाला पट्टी, उजव्या टोकाला ब्रेकची सळई. पाय दाबायचा इकडे, चाक थांबायचं तिकडे.

परीक्षेचे पेपर आणि मिस्त्रीची खोली, यातच भोंग्याचे ते दिवस गेले. दांड्याची टोकं कानशीने घासायचं काम तिचं. कानस करकरायची आणि तिच्यावर ताण करून भोंगा बोलायची. भूगोलाच्या बाईंची चाल, खांबाआडच्या तिघी, जिंकलेली खिडकीची जागा. मिस्त्री ‘हं’ म्हणायचा. पण दुसऱ्या दिवशी "मग त्या बाईंचं काय झालं?" असं विचारायचा, म्हणजे ऐकत होता. मैत्रिणींना तिने एकदा यायला सांगितलं. त्या नाक दाबत आल्या, "ई, तेलकट!" म्हणत गेल्या. शेवटच्या पेपरनंतर तर त्याही सुट्टीला पांगल्या.

एके दिवशी तिने आत्याचंही सांगून टाकलं.

"जा की मग," मिस्त्री सळई वाकवत म्हणाला. "तिकडे बोलायला माणसं आहेत."

"आहेत. पण आईबाबा नाहीत ना तिकडे."

"इथे आहेत?"

भोंग्याची कानस थांबली. असं कुणी तोंडावर विचारतं का? तिला राग आला. "आहेत!" ती म्हणाली. "कायम एकजण असतो घरी." आणि बोलता बोलता तिला आपलाच रिकामा डावा पाय आठवला, टेबलावरून झुलणारा. ती पुन्हा घासायला लागली. मिस्त्रीने दोनदा वळून पाहिलं. "आज भोंगा बंद?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "विचार करतेय, करू दे की!"

आत्याचा फोन यायचा होता त्या रविवारी दुपारीच गाडी टेबलावरून उतरली. दोन फळ्या लावून, एकीकडून भोंगा, एकीकडून मिस्त्री. जमिनीवर आल्यावर ती आधीपेक्षा लहान दिसली. मिस्त्रीने धुतलेला शर्ट घातला होता आणि केस ओले करून बसवले होते. तो स्वतः बसला, या खेपेला धरायला भोंगा. एक किक, नुसता उसासा. दुसरी किक, खोकला. तिसऱ्या किकला दूधवाल्याचं इंजिन असं धडधडून उठलं, की समोरच्या तीन खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

"सोडू का?" भोंगा ओरडली.

"सोड!"

मिस्त्री गेला. पाठ ताठ, कोपरं बाहेर, डावा पाय बरोबर पट्टीवर. वळणावर ब्रेकचा लाल दिवा लागला, आणि तो दिसेनासा झाला.

भोंगा शटरशी एकटीच उभी राहिली. आता नदीपर्यंत जाईल, तिला वाटलं, नाहीतर गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागेल. इतक्या वर्षांची कसर भरून काढायची म्हणजे संध्याकाळ होणारच. रिकाम्या टेबलावर बसून वाट बघावी, म्हणून ती आत वळली, तोच मागून धडधड ऐकू आली. मिस्त्री परत आला होता. त्याने इंजिन बंद केलं, तरी उतरला नाही.

"एवढ्यात?"

"चालते गं," तो म्हणाला. चेहरा लहान मुलासारखा फुललेला. "चौकापर्यंत गेलो. सुरेख चालते. मग वाटलं, कुणाला तरी सांगावं. तू तर इथे उभी."

"आणखी कुणी नाही सांगायला?"

त्याने टाकीवर थाप मारली, मग इंजिनावर. "होते. यातलेच." मग म्हणाला, "पण हे सगळे बरोबरच आले होते ना. यांना काय सांगायचं?"

भोंग्याने गाडीकडे पाहिलं. सीट एकाच माणसाची. मागे चाकावर नुसता पत्रा. ती मोठ्याने म्हणाली, "उद्या मला फिरवायचंय हां! सीट बनवा मागे!"

"उद्या आहेस तू?"

"ते संध्याकाळी ठरेल," ती म्हणाली आणि घराकडे निघाली. चालत नाही, पळत. तिच्याकडेही सांगण्यासारखं होतं. वर्षानुवर्षांचं साठलं होतं. आणि ज्यांना सांगायचं ती दोघं आत्ता, या घटकेला, एकाच घरात होती.

रविवारी कारखान्यात बदलीची माणसं. घरात पडदे ओढलेले. आतल्या खोलीत बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले. बाहेर आई खुर्चीतच पेंगलेली, मांडीवर अर्धी घडी घातलेला टॉवेल. टीव्हीवर कुणीतरी मुक्याने हातवारे करत होतं. भोंगा दारातच थांबली. पळत आलेली, तरी सवयीने श्वाससुद्धा दाबून घेत होती. आईच्या कपाळावर ती झोपेतही न सुटणारी आठी होती. उठवावं कसं? हाक मारली तर ‘हळू’ येईल, आणि ‘हळू’ आलं की आपण ‘चालेल’ म्हणू.

तिने स्वयंपाकघरात जाऊन स्टूल ओढला. स्टुलाचे पाय करकरले, तरी ओढला. फडताळाच्या वरच्या कप्प्यातून कुकर काढला, धूळ धुतली, बटाटे घातले, पाणी घातलं, झाकण लावलं. गॅस मोठा केला आणि हाताची घडी घालून समोर उभी राहिली. सगळं घर तसंच गाढ. कुकर आधी कुजबुजला. मग थरथरला. आणि मग इतकी वर्षं पोटात कोंडलेली शिट्टी त्याने अशी ठोकली, की भोंगा स्वतःच दचकली.

आतल्या खोलीत काहीतरी आपटलं. "काय झालं? काय झालं?" करत बाबा धावत आले, एका पायात आईची चप्पल. बाहेरून आई आली, हातात टॉवेल तसाच. स्वयंपाकघराच्या दारात दोघं एकमेकांवर आदळली. केस विस्कटलेले, डोळे सताड उघडे. पूर्ण जागे. दोघंही. एकाच वेळी.

"अगं हळू..." आई म्हणायला गेली, तोच दुसरी शिट्टी झाली.

भोंग्याने ती पूर्ण होऊ दिली. मग गॅस बंद केला. हात पाठीमागे बांधले.

"बसा," ती म्हणाली. "नाही, दोघंही बसा. मला सांगायचंय, आणि लांबलचक आहे, म्हणून आधी मुद्द्याचं सांगते. मी आत्याकडे जाणार नाही. मी एकटी पडू नये म्हणून तुम्ही एकेक करून घरी राहिलात, पण बाबा, तुम्ही झोपलेले असता, आणि आई, तूही. मी एकटीच असते, वर आवाजही करायचा नाही. मी आता मोठी झालेय. दिवसभर घर रिकामं असलं तरी मला काही होत नाही, मी रेडिओ लावीन, कुकर लावीन, ओरडेन. म्हणून मी ठरवलंय. उद्या मुकादमाला सांगायचं, बाबांना दिवसपाळी हवी. दोघं एकत्र जा, दोघं एकत्र या, आणि संध्याकाळी दोघं माझ्यासमोर जागे बसा. आणि आत्याचा फोन आज मी घेणार."